वाळूचे शिल्प आणि शेजारचा खड्डा

वाचकहो,

सभेत हे भाषण केले तेव्हा मी समोरच्यांना 'इंदूरकर मंडळी' म्हणालो होतो. आता ते छापून तुमच्या हाती येते आहे. एकटे बसून तुम्ही ते वाचाल, म्हणून थेट तुमच्याशीच बोलतो.

व्याख्यानासाठी विषय विचारायला चिटणीसांचा फोन आला. मी म्हणालो, "वाळूशिल्पांची स्पर्धा." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्या इंदुरात समुद्र कुठला?" खरेच आहे. आपल्याला खान आणि सरस्वती या दोन नद्या वाट्याला आल्या, आणि त्यांचेही आपण काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. भरती-ओहोटी पाहायची तर गुजरात नाहीतर कोकण गाठावे लागते. पण विषय शेवटी आपल्या दारातच येऊन थांबणार आहे. तोवर थोडा धीर धरा.

मी साहित्यिक नाही. आमचे घराणे कारंजा लाडकडचे, सैतवाळ जैन. आजोबा इथल्या कापडगिरणीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. बी.एच.एम.एस. झाल्यापासून मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या पुड्यांत बांधत आलो आहे. सांगायचा मुद्दा हा, की कलेच्या स्पर्धेत परीक्षक व्हावे अशी माझी कोणतीही पात्रता नाही. तरी झालो. त्याचीच ही गोष्ट.

धाकट्या सुनेचे माहेर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. गावकरी दर जानेवारीत किनाऱ्यावर दोन दिवसांचा महोत्सव भरवतात. भजन, रस्सीखेच, उकडीच्या मोदकांचा स्टॉल, रात्री नमन-खेळे, आणि दुसऱ्या दिवशी वाळूशिल्पांची स्पर्धा. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे तिकडे होतो. सकाळी चहा पिताना व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, आज तुम्ही परीक्षक. बाहेरगावचा माणूस असला की निकालावरून भांडणे होत नाहीत." माझी पात्रता एवढीच होती, की त्या गावात माझा कोणी चुलतभाऊ नव्हता.

स्पर्धेची वेळ पंचांगावरून ठरली होती. कोकणातली जुनी माणसे तिथीला पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. त्या दिवशी दशमी. दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती, दुपारी दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी आणि रात्री आठला पुन्हा भरती. म्हणून दहा ते एक स्पर्धा, साडेचारला बक्षिसे. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळे हे वेळापत्रक मला फारच पसंत पडले.

माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते ते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांनी मला अर्ध्या तासात पुष्कळ शिकवले. कोरडी वाळू कितीही ओता, तिचा उतरता ढीग होतो, भिंत होत नाही. पाणी जास्त झाले तर वाळू वाहू लागते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा अगदी बारीक पूल बांधला जातो आणि तो दोघांना जवळ ओढून धरतो. वाळूचा मनोरा उभा राहतो तो या लक्षावधी पुलांवर. पुढे मी याविषयी वाचले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की आकारमानाच्या साधारण १ टक्का पाणी असेल तेव्हा वाळू सर्वांत बळकट असते. ते वाचून मला हसू आले. थोडक्यात काम होते असे मी जन्मभर रोग्यांना सांगत आलो, आणि दुजोरा मिळाला तो वाळूकडून! पण हा विनोद इथेच सोडतो. वाळूचे गणित वेगळे, औषधाचे वेगळे.

मास्तरांनी आणखी सांगितले, की मोठे शिल्प करणारे आधी लाकडी फळ्यांची चौकट उभारतात, तीत ओली वाळू थराथराने घालून धुमसतात, मग चौकट काढून वरून खाली कोरत येतात. वरून खाली अशासाठी, की पडणारी वाळू झालेल्या कामावर पडू नये, आणि खालचा भाग शेवटपर्यंत भरीव राहून वजन पेलत राहावा.

त्या दिवशी चौदा गट होते. एकीने मगर केली होती, तिचे खवले शिंपल्यांचे. कॉलेजच्या मुलांनी शिवरायांचा जलदुर्ग केला. दोन बहिणींनी आपली झोपलेली आजी केली होती, आणि खरी आजी शेजारी बसून "माझे नाक एवढे मोठे नाही" म्हणून तक्रार करत होती. आणि पाचवी-सहावीतल्या चार मुलांनी दीपगृह उभारले होते, त्यांच्यापेक्षा हातभर उंच.

गुणपत्रिकेवर चार रकाने होते: कल्पना, रेखीवपणा, उंची आणि एकूण परिणाम. प्रत्येकी १० गुण. मी दीपगृहासमोर उभा राहिलो, मान वर केली आणि 'उंची'च्या रकान्यात ९ लिहिले. मास्तरांना म्हणालो, "एवढीएवढी पोरं, पण काम पाहा." माझी पाठ खड्ड्याकडे होती.

कोणता खड्डा, असे तुम्ही विचाराल. मीही तेव्हा विचारला नव्हता. एवढी वाळू कुठून तरी आली होतीच ना? वरची वाळू उन्हाने सुकत चालली होती, म्हणून मुले ओल्या वाळूसाठी एकाच जागी खाली खाली जात राहिली. खड्डा मुलाच्या छातीएवढा झाला होता, कडा अगदी उभ्या. ज्या पाण्याने मनोरा उभा होता त्याच पाण्याने त्या कडाही उभ्या होत्या. फरक एवढाच, की मनोऱ्याला मुले अधूनमधून पाणी शिंपत होती. खड्ड्याच्या कडा वरून सुकत होत्या आणि खालून पाझराने भिजत होत्या. एक मुलगा आत उतरून वाकून घमेले भरत होता.

आवाज झाला नाही. हे मला आजही विचित्र वाटते. भिंत कोसळली तर धाडकन आवाज होतो. इथे कड नुसती बसली. दुसऱ्या मुलाने हाक मारली तेव्हा मी वळलो. खड्डा नव्हताच. सपाट वाळूत एका मुलाचे डोके, एक खांदा आणि एक हात दिसत होता.

लोक धावले आणि हात धरून ओढू लागले. मी ओरडलो, "ओढू नका! मागे सरा!" घशातून असा आवाज यापूर्वी कधी निघाला असेल असे वाटत नाही. कारण सांगतो, तुम्हीही लक्षात ठेवा. एक घनमीटर ओली वाळू जवळजवळ दोन टनांची असते. छातीभोवती ती बसली, की माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, त्या फटीत वाळू शिरते, आणि पुढचा श्वास घ्यायला तेवढी जागा उरत नाही. प्रत्येक श्वासाला फास आवळत जातो. ओढून माणूस निघत नाही, हात मात्र निखळू शकतो. आणि भोवती जमलेल्या गर्दीच्या वजनाने उरलेली कडही आत येते.

एका वयस्क मच्छीमाराला हे माझ्याआधी कळले होते. त्याने मनोऱ्याच्या चौकटीच्या फळ्या उचलून भोवती आडव्या टाकल्या, म्हणजे आमचे वजन पसरेल. फळ्यांवर पालथे पडून आम्ही पाच-सहा जणांनी हातांनी वाळू उकरली. आधी छातीसमोरची, मग पाठीची. फावडे लावायचे नाही. मी त्याच्याशी बोलत राहिलो, लहान लहान श्वास घ्यायला सांगत राहिलो. माझी औषधांची पेटी व्याह्यांच्या ओटीवर होती, आणि इथे असती तरी तिचा काही उपयोग नव्हता. उपयोगाची होती ती नखे. दहा मिनिटे लागली असतील. मुलगा बाहेर आला, खोकला, आणि त्याने विचारले, "मनोरा पडला काय?"

मनोरा उभा होता.

त्याला तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवले. संध्याकाळपर्यंत तो घरी परतला, गुडघ्यावर खरचटण्यापलीकडे काही नाही. साडेचारला बक्षिसे झाली. सहानंतर पाणी चढू लागले. आधी मगर गेली, मग आजी, मग जलदुर्ग. दीपगृह शेवटी, खालून विरघळून, उभेच्या उभे खाली बसले. त्या संध्याकाळी सूर्य मावळायला अवकाश होता, तरी मला जेवण गेले नाही.

इंदुरात परतल्यावर मी शोध घेतला. अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली याच विषयावर एक टिपण आले आहे. त्याच्या लेखकांनी दहाएक वर्षांतल्या अशा ५२ घटना गोळा केल्या. त्यांतल्या ३१ जणांचा मृत्यू झाला होता. बहुतेक मुलगे, बहुतेक शाळकरी. समुद्रावर आपण मुलांना लाटांची भीती घालतो, शार्कच्या गोष्टी सांगतो. कोरड्या जमिनीवर, आईबापांच्या डोळ्यांसमोर, खेळता खेळता काय होऊ शकते हे कोणी सांगत नाही. तिकडच्या जीवरक्षकांचा साधा नियम आहे: गटातल्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खणायचे नाही. तुमची नातवंडे गोव्याला, दिवेआगरला, गणपतीपुळ्याला जात असतील. एवढा एक नियम त्यांच्या पिशवीत घालून द्या.

मी गावाला पत्र लिहिले. तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, खोल खणू नका, रुंद उकरा. दुसरी, स्पर्धा भरतीरेषेच्या खालच्या पट्ट्यातच घ्या, वर कोरड्या वाळूकडे जाऊ नका. तिसरी, उंचीचा रकाना काढून टाका आणि त्या जागी 'खड्डा बुजवला' असा रकाना घाला, गुण १०.

दुसऱ्या सूचनेमागे कासवे होती. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली त्यांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावाचा कासव महोत्सव उभा राहिला. माझ्या व्याह्यांनी तो पाहिला होता, त्यांनी मला घरटे कसे होते ते सांगितले. मादी रात्री येते, भरतीचे पाणी पोचणार नाही इतकी वर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते. मग खड्डा बुजवते, आणि आपले सगळे अंग त्यावर डावी-उजवीकडे आपटून वाळू धुमसते. त्यानंतरच समुद्राकडे वळते. हे ऐकताना मला आमच्या गुणपत्रिकेची लाज वाटली. ज्या प्राण्याला आपण मंद म्हणतो, त्याला खड्डा बुजवायचे कळते.

आता थोडे पूर्वेकडे जाऊ, कारण वाळूशिल्प म्हटले की नाव पुरीचेच निघते. तिथली आख्यायिका अशी, की संतकवी बलराम दास यांना रथयात्रेच्या वेळी जगन्नाथाच्या रथावरून अपमान करून उतरवले गेले. ते समुद्रावर गेले आणि वाळूचेच जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा करून त्यांच्यापुढे बसले. इकडे खरा रथ जागचा हलेना. आजच्या काळात पुरीच्याच सुदर्शन पटनाईक यांनी ही कला जगभर नेली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोणार्कजवळ चंद्रभागेच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाळूकलेचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.

बलराम दासांच्या गोष्टीतून लोक भक्ती घेतात. ती आहेच. मला त्यात आणखी एक दिसते. ज्याला रथावर जागा नाही, त्याच्याकडे लाकूड नाही, दगड नाही, सुतार नाही. वाळू मात्र कोणाची परवानगी न घेता हाताशी आहे. ती विकत घ्यावी लागत नाही, आणि ठेवूनही घेता येत नाही. किनाऱ्यावरून घेतलेले किनाऱ्यालाच जाते. आम्हा जैनांच्या व्रतांत अचौर्य आहे. 'अदत्तादान' म्हणजे न दिलेले घेणे, ते करायचे नाही. ओल्या वाळूत जीवजंतू असतात, खेकड्यांची बिळे असतात, म्हणून उकरायलाही मला त्या दिवशी आधी संकोच वाटला होता. पण संध्याकाळी समुद्र सगळे परत घेतो, तेव्हा निदान हिशेब तरी पुरा होतो. जे मोकळ्या हाताने घेतले ते मोकळ्या हाताने परत गेले.

आता म्हटल्याप्रमाणे आपल्या दारात येतो.

तुम्ही आता ज्या घरात बसून वाचता आहात, ते घर कशाचे आहे? विटा, सिमेंट, लोखंड, आणि वाळू. इंदूर वाढले, राजवाड्यापासून बायपासच्या पलीकडे गेले, ते बव्हंशी नर्मदेच्या वाळूवर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली अंदाज दिला, की जग दरवर्षी ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ती हीच वस्तू. वाळवंटाची वाळू चालत नाही, तिचे कण वाऱ्याने फार गुळगुळीत झालेले असतात. लागते ती नदीची. १९७८ पासून आपण नर्मदेचे पाणी पितो, जलूदहून विंध्य चढवून आणलेले. ते पाणी आले तेव्हाचा आनंद आमच्या पिढीला आठवतो. त्याच नदीच्या पात्रातून वाळूही येत राहिली. त्यातली कायदेशीर किती, चोरून काढलेली किती, हे ट्रॅक्टर उलटा होताना कोणी विचारत नाही. मीही विचारले नाही. माझ्या दवाखान्याचा वरचा मजला बांधताना मी ठेकेदाराला एवढेच विचारले, "वाळू चांगली आहे ना?" मान वर करून स्लॅबची उंची पाहिली. पाठ खड्ड्याकडे होती.

नदीतल्या खड्ड्यांचे पुढे काय होते? सवयीच्या घाटावर आंघोळीला उतरणारा मुलगा पाय टेकायला जातो, आणि कालपर्यंत असलेला तळ तिथे नसतो. दुसऱ्या टोकाला किनारे खचतात, कारण नदी समुद्राला जी वाळू पोचवायची ती वाटेतच उचलली गेली.

मी कोणाला घर बांधू नका म्हणत नाही. दगड फोडून केलेली वाळू आता मिळते, पाडलेल्या इमारतींचा मलबा पुन्हा वापरता येतो. बिल मागता येते, पावती पाहता येते. निदान प्रश्न तरी विचारता येतो. रोग्याला मी पहिला प्रश्न विचारतो, "हे कधीपासून?" बांधकामावर पहिला प्रश्न असावा, "ही कुठून?"

आणि परत करायची रीत आपल्याला शिकवायला पुरीला जायला नको. महेश्वर आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. अहिल्याबाईंच्या वाड्यात त्यांच्या काळापासून लिंगार्चन चालत आले आहे. ब्राह्मण बसतात, काळ्या मातीची अगदी लहान लहान शिवलिंगे पाटांवर मांडतात, प्रत्येकात तांदळाचा एक दाणा. हजारोंनी होतात. पूजा झाली, की सगळी नर्मदेत सोडली जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. मी शिवपूजक नाही. पण १७६७ ते १७९५ राज्य केलेल्या त्या बाईंनी एवढे घाट आणि देवळे दगडात बांधली, आणि रोजची पूजा मात्र मातीची ठेवली, विरघळणारी, हे मला फार मोठे वाटते. दगडाचे काम मागे राहिले. मातीचे काम रोज नदीला परत गेले.

शेवटची गोष्ट घरातली. दिवाळीत आपल्या मराठी घरांतून अंगणात किल्ला होत असे. काही घरांत अजून होतो. आमच्याही घरी होई. माती आम्ही मागच्या परसातून, जास्वंदीच्या बुंध्याजवळून आणत असू. तुळशीचे लग्न झाले, की आई म्हणे, "किल्ला मोडा आणि माती होती तिथे नेऊन घाला. झाडाला उसनी मागितली होती." आम्ही कुरकुरत घमेली भरून परत टाकत असू. ती आमची शिक्षा आहे असे तेव्हा वाटे.

त्या कोकणातल्या गावी मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. गुणपत्रिकेवर नवा रकाना होता. एक वाजता शिट्टी झाली आणि चौदा गटांतली मुले आपापली शिल्पे सोडून उकरलेल्या जागा सारख्या करायला धावली, पायांनी धुमसू लागली, ओरडू लागली, "मास्तर, आमचं बघा!" गेल्या वर्षीचा तो मुलगाही होता, वीतभर उंच झालेला. त्याच्या गटाने या वेळी होडी केली होती, गुडघ्याएवढी. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि आधी खाली पाहिले. वाळू सपाट होती, तिच्यावर चार मुलांच्या पावलांचे ठसे होते. त्या रकान्यात मी १० लिहिले.

वाचकहो, किल्ला तुमच्याही घरी होत असेल, घर तुम्हीही बांधले असेल. दोन्हींसाठी माती कुठून आणली तेवढे एकदा मनात आठवून पाहा. माझे म्हणणे इथे संपले.